सातव्या महिन्यात फ्रीजमधला खरवस आणि धारेचं दूध: लिस्टेरियाची चाचणी करायची का?

प्रश्न विचारणाऱ्या ताईंचं म्हणणं थोडक्यात असं. पहिलटकरीण आहेत, सातवा महिना, 28 वा आठवडा. मुंबईहून मालवणजवळ माहेरी आल्यात. शेजारची गाय व्याली, चिकाचा खरवस घरी आला. दोन दिवस फ्रीजमध्ये होता, तो थंडच खाल्ला. त्याच आठवड्यात एकदा धारेचं दूध न तापवता प्यायल्या. नवऱ्याने लिस्टेरियाबद्दल (अन्नातून पोटात जाणारा, गरोदरपणात बाळाला बाधणारा एक जंतू) कुठेतरी वाचलं आणि फोनवर घाबरवून सोडलं. ताप नाही, बाळ छान फिरतंय. चाचणी करू का, खबरदारी म्हणून अँटिबायोटिक घेऊ का, फ्रीजमधलं सगळंच बंद करू का, असे तीन प्रश्न आहेत. आणि आई म्हणते, “आमी सगळी धारेच्या दुधार वाढलव, आमका खंय काय झाला?”

मी कोकणातच एका तालुक्याच्या गावी 27 वर्षं बाळंतपणं करतेय. लिस्टेरियाचं पक्कं निदान झालेल्या बायका माझ्या हाताखालून गेल्या त्या एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच. निदान न होता किती गेल्या असतील, त्याचा विचार अधूनमधून झोप उडवतो. म्हणून जरा लांबण लावते.

ताई, आधी उत्तर. आज चाचणी नको, औषधही नको. पण घरात थर्मामीटर नसेल तर आजच आणा. तुम्ही काय खाल्लंत यापेक्षा पुढच्या दोन-अडीच महिन्यांत ताप आला तर तुम्ही आणि तुमचे डॉक्टर काय करता, हा इथला खरा प्रश्न आहे.

चाचणी नको, कारण ताप नसलेल्या बाईच्या बाबतीत उपयोगी पडेल अशी चाचणीच नाही. शौचाची तपासणी करून काही कळत नाही, कारण हा जंतू धडधाकट माणसाच्या पोटातूनही काही दिवस येऊन जाऊन असतो. रक्तातल्या अँटिबॉडीची तपासणी बेभरवशाची. पुष्कळ जणी विचारतात, “माझी टॉर्च टेस्ट नॉर्मल आहे, मग झालं ना?” नाही झालं. आपल्याकडच्या नेहमीच्या टॉर्चमध्ये टोक्सोप्लाझ्मा, रुबेला, सीएमव्ही (सायटोमेगॅलोव्हायरस) आणि हर्पिस असतात, लिस्टेरिया नसतो. हा पकडायचा तो ब्लड कल्चरमध्ये, म्हणजे रक्त बाटलीत घालून जंतू वाढतो का ते बघायचं. ताप नसताना कल्चर केलं तर ते बहुधा कोरंच येतं आणि त्या कोऱ्या कागदावर विसंबून पुढचा ताप अंगावर काढला जातो. मला त्याची जास्त भीती वाटते.

खबरदारीच्या गोळ्यांचंही तसंच. काहीच होत नसताना अँटिबायोटिक देऊ नये, हे जगभरच्या प्रसूतितज्ज्ञांचं मत आहे आणि माझंही. त्यातून मेडिकलवाला जी गोळी सवयीने पुढे करतो ती असते सेफिक्झिम. लिस्टेरियावर तिचा काडीचाही उपयोग नाही. हे खाली परत सांगणार आहे, कारण माझ्या मते या सगळ्या प्रकरणाची नाडी तिथे आहे.

आता खरवसाचं. खरं सांगायचं तर मला तुमच्या खरवसापेक्षा त्या पेलाभर दुधाची काळजी जास्त आहे. खरवस वाफवलेला असतो. चीक, गूळ, वेलची, वर हळदीचं पान, आणि मोदकपात्रात किंवा शिट्टी काढलेल्या कुकरमध्ये वाफ. मधोमध सुरी घालून ती कोरडी निघाली की समजायचं, उष्णता आतपर्यंत पोचली. हा जंतू आगीपुढे अगदी लेचापेचा आहे. पदार्थाच्या गाभ्यापर्यंत 70 अंश सेल्सियस दोन मिनिटं टिकलं तरी तो मरतो. उकळी म्हणजे तर फारच झालं. वडी थापल्यावर तिला कच्च्या दुधाचा हात लागला, मासे साफ केलेल्या सुरीने ती कापली, किंवा फ्रीजमध्ये ती उघडी आणि वरच्या फळीवर कच्च्या सुरमईचा डबा, असं असेल तर मेलेला जंतू नव्याने येऊन बसतो. तो धोका आहे, पण लहान आहे.

न तापवलेल्या दुधाला मात्र माझ्याकडे माफी नाही. गाय निरोगी दिसते, सडं धुतलेली असतात, भांडं घासलेलं असतं, तरी शेण-मातीतला जंतू दुधात यायला काही लागत नाही. गुरांमध्ये हा आजार पसरतो तो बऱ्याचदा नीट न आंबलेल्या मुरघासातून, म्हणजे हवाबंद साठवून आंबवलेल्या हिरव्या चाऱ्यातून. आपल्याकडे अजून बरीच गुरं पेंढ्यावर आणि चरण्यावर आहेत, म्हणून तुमच्या शेजारच्या गाईकडून धोका त्या मानाने कमी असेल. पण ‘कमी’ या शब्दावर सातव्या महिन्यात पैज लावू नये. तुमच्या आईंचं म्हणणं खोटं नाही. धडधाकट माणसाला लिस्टेरिया पोटात गेल्याचं कळतही नाही, फार तर एक दिवस जुलाब. गरोदरपणात पोटातल्या बाळाला शरीराने परकं मानू नये म्हणून प्रतिकारशक्तीची एक बाजू सैल पडते. नेमकी तीच बाजू पेशींच्या आत लपणाऱ्या जंतूंना पकडत असते, आणि हा जंतू पेशीच्या आत राहतो, तिथूनच शेजारच्या पेशीत घुसतो. वारेतून बाळापर्यंत पोचायलाही तो असाच वाट काढतो. म्हणून गरोदर बाईला हा आजार होण्याची शक्यता इतरांच्या साधारण दहापट धरतात. आणि आईंच्या वेळी कुणाचं सातव्या-आठव्या महिन्यातलं पोर गेलं तर दृष्ट लागली म्हणत, नाहीतर नशीब म्हणत. कल्चर कुणी पाठवत नव्हतं. ‘आमका खंय काय झाला’ यातला ‘आमका’ म्हणजे जी वाचली ती.

जाता जाता: घरात मधुमेहाची आजी असेल, कुणाला स्टेरॉइड चालू असतील, कुणाची केमोथेरपी सुरू असेल, तर हेच नियम त्यांनाही लागू आहेत.

फ्रीजबद्दल विचारलंत ते फार बरं केलंत. आपली समजूत अशी की फ्रीजमध्ये ठेवलं म्हणजे सुरक्षित. बहुतेक जंतूंसाठी ते खरं, थंडीत ते झोपतात. लिस्टेरिया चार अंशालाही सावकाश वाढत राहतो. डीप फ्रीजरमध्ये त्याची वाढ थांबते, पण तो मरत नाही. मिठालाही तो दाद देत नाही, दहा टक्के मिठात वाढू शकतो. हा आजार अन्नातून येतो हे पक्कं कळलं तेच मुळी एका थंड साठवणीमुळे. 1981 साली कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर गरोदर बायका आणि नवजात बाळं आजारी पडत होती. माग काढत गेले तेव्हा सापडला तो कोबी. शेतकऱ्याने मेंढ्यांचं कच्चं खत घातलं होतं, त्या कळपात हा आजार होता, आणि तोडलेला कोबी हिवाळाभर थंडाव्यात ठेवला होता. त्याची कोशिंबीर बाजारात गेली. कच्ची वस्तू, शेणखत, थंडी आणि बरेच दिवस. आपल्या स्वयंपाकघरातही याच चार गोष्टी शोधायच्या.

मग आपल्याकडे काय निघतं? कालचं बांगड्याचं तिखलं फ्रीजमधून काढून नुसतं कोमट करून भातावर घेतलं, हे नको. बुडबुडे येईपर्यंत उकळा आणि मग खुशाल खा, तिखलं दुसऱ्या दिवशी जास्त चांगलं लागतं हे मलाही माहीत आहे. सोलकढी ताज्या नारळाची, केली त्याच दिवशी संपवायची. उरलेला नारळाचा रस तिसऱ्या दिवशी सोलकढीत नको. मोड आलेले मूग कच्चे नकोत, उसळ करा. मोड काढण्याची ऊब आणि ओल सगळ्याच जंतूंना मानवते. कलिंगड घरी, साल धुऊन, खाताना कापा. सकाळी कापून काचेच्या पेटीत ठेवलेल्या फोडी घेऊ नका. पनीर शिजवून. दही-ताक तापवलेल्या दुधाचं असेल तर चालेल. नवरा मुंबईहून सलामी, सॉसेज घेऊन येत असेल तर वाफ निघेपर्यंत परतून. सुका बोंबील, जवळा भाजून किंवा तळूनच खातो आपण, त्याची चिंता नको. खडकावरून काढलेली कालवं तिथल्या तिथे कच्ची खायची हौस असेल, तर ती पुढच्या वर्षावर टाका. मासे बंद करू नका. दरवेळी कुणीतरी घाबरून मासे सोडतं आणि हिमोग्लोबिन खाली घेऊन येतं, मग मी चिडते.

आणि तो फ्रीज एकदा रिकामा करून पुसा. खालच्या भाजीच्या कप्प्यात साचलेलं पाणी, माशाच्या डब्याखालचा चिकटा. मासे झाकणाच्या डब्यात आणि सगळ्यात खालच्या फळीवर.

आता मुख्य गोष्ट, ताप. 

काही वर्षांपूर्वीची माझी एक पेशंट सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलते. आठवा महिना नुकता लागला होता. श्रावण, बाहेर मुसळधार. तीन दिवस कसकस, पाठ भरून येणं, अंगदुखी. घरचे म्हणाले पावसाचा ताप. मेडिकलमधून सेफिक्झिम आणि पॅरासिटामॉल घेतलं, ताप उतरायचा आणि परत चढायचा. चौथ्या दिवशी कळा सुरू झाल्या तेव्हा माझ्याकडे आली. पाणमोट फुटली आणि पाणी हिरवट. इथे माझा हात थांबला. बाळाने पोटात शी केल्याने पाणी हिरवं होतं, पण ते पूर्ण दिवसांच्या किंवा दिवस वर गेलेल्या बाळात. एकतिसाव्या आठवड्याच्या बाळाची आतडी सहसा तेवढी तयार नसतात. कमी दिवस, हिरवं पाणी आणि आईला ताप, हे तीन एकत्र दिसले की मनात लिस्टेरिया आला पाहिजे. पाणी नुसतं संसर्गानेही असं गढूळ-तपकिरी दिसू शकतं. वार आली ती मी दिव्याखाली धरून बघितली, तर कापल्यावर आत पांढुरके, राळ्याच्या दाण्याएवढे ठिपके. बाळ कण्हत श्वास घेत होतं. बालरोगतज्ज्ञांना फोनवर एवढंच म्हटलं, “अँपिसिलिन विसरू नका.” लिस्टेरियावर चालणारं अँटिबायोटिक ते.

आईचं आणि बाळाचं कल्चर शहरातल्या लॅबला पाठवलं. दोन दिवसांनी फोन: “मॅडम, डिफ्थेरॉइडसारखं काहीतरी आलंय, त्वचेवरचं असेल, काँटॅमिनेशन धरू?” सूक्ष्मदर्शकाखाली दोघे भावंडांसारखे दिसतात, आणि अशा वेळी लिस्टेरिया कचऱ्याच्या टोपलीत जातो. मी म्हटलं, धरू नका, आई आणि बाळ दोघांच्याही बाटलीत तेच कसं येईल? खोलीच्या तापमानाला ठेवून हालचाल बघा. लिस्टेरिया तिथे कोलांट्या मारतो. संध्याकाळी परत फोन आला, मारतोय म्हणून. बाळ तीन आठवडे काचेच्या पेटीत होतं. आता शाळेत जातं. कुठून आलं ते शेवटपर्यंत कळलं नाही. त्यांना विचारत होतो ते महिनाभर आधी काय खाल्लं ते, आणि तुम्हाला तरी मागच्या महिन्यातल्या बुधवारचं जेवण आठवतं का?

हे सांगायचं कारण असं. गरोदरपणात लिस्टेरिया अन्नातून शिरल्यापासून ताप येईपर्यंत कित्येक आठवडे जाऊ शकतात, 70 दिवसांपर्यंत धरतात. तुमच्या बाबतीत याचा अर्थ जवळजवळ बाळंतपणापर्यंत. आणि आजार आईला नाटक करून येत नाही. साधा फ्ल्यूसारखा ताप, पाठदुखी, कधी जुलाब, आणि बऱ्याचदा आपोआप बरंही वाटतं. आई त्यातून बहुधा नीट बाहेर पडते, झळ बाळाला लागते. फ्रान्समध्ये अशा 107 मातांचा नीट अभ्यास झाला. त्यात साधारण चौथा हिस्सा गर्भ गेले, जवळजवळ निम्म्या जणी कमी दिवसांच्या बाळंत झाल्या. पण त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट सहसा कुणी सांगत नाही: 29 आठवड्यांनंतर, किंवा दवाखान्यात दाखल होऊन दोन दिवस उलटल्यावर, एकही गर्भ गेला नाही. म्हणजे उपचार वेळेवर पोचला तर फरक पडतो.

तर, ताप 100.4 फॅरनहाइट किंवा वर गेला, की त्याच दिवशी दवाखाना. पॅरासिटामॉल घ्यायला हरकत नाही, पण गोळीने उतरला म्हणून घरी थांबायचं नाही. डॉक्टरांना आपणहून सांगा: “सातव्या महिन्यात कच्चं दूध प्याले होते.” हे वाक्य केसपेपरवर लिहायला लावा.

कोकणात पावसाळ्यातल्या तापाला उमेदवार पुष्कळ असतात. मलेरिया, डेंग्यू, लघवीचा संसर्ग, आणि भातलावणीच्या दिवसांत लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या लघवीतून पसरणारा ताप). लिस्टेरिया त्या रांगेत शेवटी उभा असतो, आणि ते बरोबरच आहे. माझ्या मते घोळ पुढे होतो. ताप, अंगदुखी, मळ्यात उतरलेली बाई, म्हणजे लेप्टो असं धरून बऱ्याच ठिकाणी सेफ्ट्रियाक्झोनची सुई सुरू होते. लेप्टोवर ती चालते. लिस्टेरियावर सेफ्ट्रियाक्झोन, सेफिक्झिम, सेफोटॅक्झिम, त्या घराण्यातलं काहीच चालत नाही, जन्मजातच तो त्यांना दाद देत नाही. पेनिसिलिन घराण्यातली औषधं (अँपिसिलिन त्यातलंच) लेप्टोवरही चालतात. म्हणून गरोदर बाईला कारण न कळलेला ताप असेल तर मी आधी कल्चरची बाटली भरते, आणि संशयाला जागा असेल तर अँपिसिलिन घालते. क्रम महत्त्वाचा. एक डोस आत गेला की कल्चर कोरं येऊ शकतं.

निदान पक्कं झालं तर अँपिसिलिन शिरेतून, दिवसाला 6 ग्रॅम किंवा जास्त, निदान 14 दिवस, सोबत बऱ्याचदा जेंटामायसिन. घरी बसून अमॉक्सिसिलिनच्या गोळ्या घेऊन हे काम भागत नाही. पेनिसिलिनची खरोखरीची ॲलर्जी असेल तर को-ट्रायमोक्झाझोल हा पर्याय, तो निर्णय डॉक्टरांनी घ्यायचा. इथे सगळं परिस्थितीवर आहे: किती आठवडे, ताप किती, बाळाची हालचाल कशी, जवळ नवजात बाळांचा विभाग आहे की घाट चढून कोल्हापूरला जावं लागणार. 28 व्या आठवड्यात कळा सुरू होण्याची शंका असेल तर मी बाईला आधीच, बाळ पोटात असताना, मोठ्या ठिकाणी पाठवते. पोट ही सगळ्यात चांगली रुग्णवाहिका आहे.

बाळाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण मी सांगून ठेवते, कारण ती वेळ आली तर तुमच्या हातात थर्मामीटरशिवाय काही नसेल. नवजात बाळात हा आजार दोन वेळा गाठतो. एक जन्मल्याबरोबर किंवा पहिल्या काही दिवसांत: श्वासाचा त्रास, रक्तात संसर्ग, कधी अंगावर बारीक पुरळ. तेव्हा बाळ दवाखान्यातच असतं, नजरेसमोर. दुसरी वेळ जास्त फसवी, आठवड्यानंतर, बहुतेकदा दुसऱ्या आठवड्याच्या आसपास, आणि तो मेंदूज्वर असतो. पूर्ण दिवसांचं, गोंडस, वजन वाढणारं बाळ. घरात बारशाची गडबड, पाहुणे, हातोहात फिरणारं पोर, आणि कुणीतरी म्हणतं आज जरा जास्तच झोपाळू आहे. दूध ओढत नाही, हाक मारून जागं होत नाही, अंग तापलंय किंवा उलट गार पडलंय, टाळू फुगल्यासारखी वाटते, सतत कण्हतंय: यातलं एक जरी दिसलं तरी बारसं तसंच सोडून निघायचं. गुटी, धुरी, दृष्ट काढणं यात तास घालवू नका. बालरोगतज्ज्ञांना सांगा की गरोदरपणात कच्च्या दुधाचा आणि (आला असेल तर) तापाचा इतिहास आहे. पाठीच्या कण्यातलं पाणी काढायचं म्हणाले तर घाबरून नाही म्हणू नका. मेंदूज्वर ओळखायचा तोच खात्रीचा रस्ता, आणि उपचार तीन आठवड्यांचे की दोन, ते त्यावर ठरतं. अंगावरचं दूध बंद करायचं कारण सहसा नसतं.

एवढं वाचून परत घाबरला असाल तर पुन्हा पहिल्या परिच्छेदांकडे या. तुम्हाला ताप नाही, बाळ फिरतंय. एकदा प्यालेल्या कच्च्या दुधातून आजार होण्याची शक्यता मुळात फार कमी आहे. कॅलेंडरवर त्या दिवसापुढे दहा आठवडे मोजून खूण करा. नेहमीची तपासणी चुकवू नका. ताप आला तर वर सांगितल्याप्रमाणे.

फ्रीजमध्ये उरलेल्या वड्यांचं लिहिलं होतंत. दोनच दिवस झाले असतील तर पुन्हा वाफवून घ्या, थोडा घट्ट होईल, चव जात नाही. चार दिवस उलटले असतील तर टाका. चीक एकदाच येतो हे खरं, पण शेजारच्या वाड्यात अजून दोन गायी गाभण असतील, आईंना विचारून बघा.